पऱ्हाटीत न सुजलेले पाय विमानात कसे सुजले?

अमेरिकेत नेवार्कला उतरलो आणि इमिग्रेशनच्या लाइनीत आईनं सँडल काढून हातात घेतली. नागपुरात घेतलेली नवीकोरी सँडल, मुंबईला सैल वाटत होती म्हणून पट्टा एक भोक आत ओढून दिला होता मीच, आणि आता तोच पट्टा शेवटच्या भोकालाही पोचेना. पाय असा फुगलेला की घोट्याचं हाड दिसेना. बोटानं दाबलं तर खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. जोडवे तर मांसात रुतलेले.

बहिणीचं बाळंतपण होतं, म्हणून आई कापसाची वेचणी अर्धी टाकून निघाली होती. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावावरून नागपूर चार तास गाडीनं, मग मुंबई, मग तिथून सोळा तासांचं एकच विमान. तिचा प्रश्न साधा होता, "काहून रे, दिवसभर पऱ्हाटीत उभी राहून कापूस वेचते त पाय सुजत नाई, अन् इथं नुसती बसून आली त कसे सुजले?"

बहिणीच्या शेजारच्या काकूंनी लगेच उत्तर दिलं, विमानात हवेचा दाब कमी असतो ना, म्हणून शरीर फुगतं. हे उत्तर मी व्हॉट्सॲपवरही दहादा वाचलं आहे. दाब कमी असतो हे खरंच आहे, केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तेवढी विरळ ठेवतात, त्यानं पोटातला गॅस फुगतो, कानात दडे बसतात, चिप्सचं पाकीट टम्म होतं. पण पायाच्या सुजेचा मोठा दोषी तो नाही, दोषी आहे बसणं. नागपूरहून चेन्नईला चेअरकारमध्ये बसून गेलात तरी हेच होईल.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो भारी प्रश्न आहे.

पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं म्हणजे विहिरीतून पाणी काढण्यासारखं काम. आपली आई पाच फुटाची धरा, उभी असताना हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण ११० सेंटिमीटरचा रक्ताचा उभा स्तंभ होतो. शाळेतलं आठवा, द्रवाचा दाब उंचीवर अवलंबून असतो, नळी जाड की बारीक याच्यावर नाही. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, रक्त पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणजे ११० सेंटिमीटर रक्ताचा दाब पाऱ्याच्या जवळपास ८५ मिलिमीटर. बीपीच्या मशिनवर वरचा आकडा १२० येतो, त्याच मापातले हे ८५, आणि तेही घोट्याजवळच्या शिरेत, जिथं धमनीसारखी जाड भिंत नसते. खुर्चीत बसलं की उंची ७०-७५ सेंटिमीटर होते, दाब ५५-६० वर येतो. म्हणजे हिशेबानं बसल्यावर पाय कमी सुजायला पाहिजेत की नाही?

इथंच गंमत आहे. चालताना घोट्याचा हा दाब ३० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. कारण पोटरी ही हापशी आहे. पाऊल टाकलं की पोटरीचे स्नायू, खास करून आतला सोलियस नावाचा चपटा स्नायू, आवळतात आणि आत दडलेल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं. पाऊल सैल झालं की शिरा रिकाम्या, मग खालचं रक्त त्यात येतं. पण वर गेलेलं परत खाली काहून येत नाही? विहिरीतल्या मोटरच्या पाइपाला खाली फुटव्हॉल असतो ना, (आमच्याकडे सगळे त्याला फुटबॉलच म्हणतात), तो खराब झाला की मोटर बंद करताच पाइपातलं पाणी परत विहिरीत. तसेच व्हॉल्व शिरांमध्ये जागोजागी असतात, रक्त वर जाताना उघडतात आणि उलटं यायला लागलं की मिटतात.

हे पाहायला लॅब लागत नाही. हात खाली सोडा, मनगटाजवळची फुगलेली शीर निवडा, एका बोटानं दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त कोपराकडे सारा. मधला तुकडा चपटा राहतो, वरून रक्त परत येत नाही, खालचं बोट उचललं की झर्रकन भरतो. विल्यम हार्वेनं १६२८ साली दंडाला पट्टी बांधून असंच दाखवलं होतं, रक्त एकाच दिशेनं फिरतं म्हणून.

तर वेचणी करताना आई एक झाड, दोन पावलं, पुढचं झाड, पुन्हा दोन पावलं, दिवसभर हापशी चालूच. विमानात सोळा तास हापशीचा दांडा कोणी धरलाच नाही. त्यात ती ठेंगणी, पाय जमिनीला टेकेनात, सीटची कडा मांडीखाली रुतलेली, म्हणजे वरच्या पाइपावरही पाय दिल्यासारखं. आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून बाई पाणीच प्यायली नाही. मी सारखा पाणी पी म्हणत होतो ते एवढ्यासाठीच की त्या निमित्तानं तरी उठेल.

पुढचं जरा किचकट आहे, पण मला तेच जास्त आवडतं. शिरेतला दाब चढला की तो मागे बारीक केशवाहिन्यांपर्यंत पोचतो. त्यांच्या भिंती झिरपणाऱ्या असतात. आतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं, मुख्य अल्ब्युमिन, पाणी आत धरून ठेवतात, त्यांची ओढ साधारण २५ मिलिमीटरची. ही रस्सीखेच अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९६ साली मांडली. ढकल ओढीपेक्षा जास्त झाली की पाणी बाहेर झिरपतं. थोडं तर रोजच झिरपतं, ते लिम्फच्या नळ्या गोळा करून परत रक्तात सोडतात, वावरातल्या निचऱ्याच्या नाल्या म्हणा. पण या नाल्यांनाही हालचालीचा धक्का मिळावा लागतो. बसून राहिलं की पाणी जास्त, निचरा कमी, आणि काळ्या जमिनीसारखा पाय चिबडतो. बोटानं पडलेला खड्डा म्हणजे पेशींच्या मधलं पाणी बाजूला सरकलेलं, ते परत यायला वेळ लागतो.

बसणंच दोषी, याचा सगळ्यात दणदणीत पुरावा विमानातला नाहीच. १९४० मध्ये लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र रात्र आसऱ्याच्या जागी आरामखुर्च्यांत बसून काढत. कीथ सिम्पसन या डॉक्टरच्या लक्षात आलं की त्यातले काहीजण बॉम्बनं नाही, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून मरत आहेत. साचलेलं रक्त गोठतं, गाठ सुटून वर जाते. ना उंची, ना विमान, जमिनीवरच.

पण घाबरून तिकीट कॅन्सल करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात चार तासांहून लांब प्रवासानं अशा गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो असं आहे, पण निरोगी माणसात तो दुप्पट होऊनही सहा हजारात एक. दोन्ही पाय सारखे सुजले आणि दोनेक दिवसात उतरले तर बहुतेक काही नसतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, दम लागतो, तर मात्र थेट डॉक्टर. आणि कोणी सांगितलं म्हणून मनानं ॲस्पिरिन घेऊ नका.

मोजे कामाचे असतात, म्हणजे दाब देणारे, घोट्याला घट्ट आणि वर सैल होत जाणारे. जिराफाला ते जन्मतःच मिळतात, त्याच्या पायाची कातडी इतकी ताठ असते की पाणी साचायला जागाच नाही. मॅग्नेटिक मोज्यांची जाहिरातही मी पाहिली, रक्तातलं लोह चुंबक ओढतं म्हणे. रक्तातलं लोह चुंबकाला चिकटत असतं तर एमआरआयच्या प्रचंड चुंबकातून कोणी जिवंत बाहेर आलं नसतं. आणि गावातल्या एका मावशीनं निघताना आईच्या घोट्याला नजरेसाठी काळा दोरा बांधला होता, तो सुजल्यावर असा काचला की कातडीवर वळ उठला. तो कात्रीनं कापला. आईनं दोऱ्याला हो म्हटलं, जोडव्यांना हात लावू देईना, "तुहा बाप जिता हाये अजून."

मग रात्री दोन उशांवर पाय ठेवून झोपवलं. पाय हृदयाच्या वर गेले की सगळा हिशेब उलटा होतो, साचलेलं पाणी परत रक्तात येतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि ते एक हार्मोन सोडतात, किडनीला निरोप की पाणी काढ. हृदय हार्मोनही सोडतं हे १९८१ पर्यंत कोणाला धड ठाऊक नव्हतं. त्या रात्री आई चार वेळा लघवीला उठली. सकाळी घोट्याचं हाड दिसत होतं, जोडवे बोटात फिरत होते, आणि आईला भलतीच काळजी, शुगर त नाई झाली मले? मी वरचं सगळं पुन्हा समजावून सांगितलं, हापशी, फुटबॉल, किडनी.

तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पायात एवढं पाणी भरून होतं, अन् तू मले वरून अजून पाणी पे म्हने?"