मागच्या चाकांवर चालणाऱ्या आरसी गाडीचे सेटिंग

मोटरची ताकद फक्त मागच्या चाकांना जाणाऱ्या रेडिओ-नियंत्रित गाडीची (येथे १/१० मापाची बग्गी) पकड आणि वळण मैदानाप्रमाणे जुळवणे, यालाच सेटिंग म्हणतात. या गाडीत मागच्या टायरांवर दोन कामे पडतात : गाडी ढकलायची आणि वळणात शेपूट धरून ठेवायची. टायर जागीच फिरू लागला की त्याची आडवी पकडही सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून सुरुवात मागून करावी.

मराठवाड्यात मैदान बहुधा मुरमाचे मिळते. खाली टणक, वर बारीक धूळ. त्यावर मऊ, बारीक पिनांचे (रबरी खुंट्यांचे) टायर चालतात. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा असतात, आणि ओली रेगूर पिनांत भरली की टायर गुळगुळीत होतो. मग कुठलेच सेटिंग कामाला येत नाही. त्यापेक्षा रास उचलून मोकळे झालेले खळे कितीतरी चांगले.

बॅटरी बसवून गाडी सपाट फरशीवर १५ सेंमी. वरून सोडावी. स्थिरावल्यावर मागचे ड्राइव्हशाफ्ट (चाकांना ताकद नेणारे दांडे) जमिनीला समांतर दिसावेत. नसतील तर शॉकची (स्प्रिंग चढवलेल्या, धक्के झेलणाऱ्या तेलाच्या नळीची) कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबणारी कडी, फिरवावी. मागे टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली) ३ अंश, कँबर (चाकाचा उभा कल) उणे, म्हणजे वरची कड आत झुकलेली, १ ते २ अंश ठेवावा. शॉकमध्ये सिलिकॉन तेल पुढे ३५, मागे ३० वेट (वेट म्हणजे तेलाच्या जाडीचे माप). एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की तेल पातळ होते आणि गाडी उंचवट्यांवर डुचमळते. तेव्हा दोन्हीकडे ५ वेट जाड तेल घालावे. शॉक दाबताना पचपच आवाज आला तर आत हवा राहिली आहे, पुन्हा भरावा.

तरीही शेपूट सुटत असेल तर बॅटरी मागे सरकवावी, मागची स्प्रिंग मऊ घ्यावी. अति झाले की पुढची चाके हलकी होऊन गाडी वळत नाही. स्लिपर क्लच (मोटरचा जादा जोर घसरून सोडणारा क्लच) असा ठेवावा, की उभ्या गाडीला पूर्ण थ्रॉटल (वेग) दिल्यावर गाडी दीड-दोन फूट जाईपर्यंत तो घसरावा. फार सैल ठेवला तर पॅड जळतात. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

पुष्कळदा दोष सेटिंगचा नसतोच. शॉक सोडवून आर्म (चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकला तर आर्मच्या बिजागरीच्या पिनेत मुरमाची कणी बसली आहे. पिन काढून कोरड्या ब्रशने साफ करावी. तेल लावू नये, त्यावर धूळ आणखी बसते.