कानातील मळ काढून घेण्याची पूर्वतयारी

कानात साठून घट्ट झालेला मळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घेण्याआधी घरी करायची तयारी. मळ खरोखरच काढायला हवा का हे तपासून घेणे, तो मऊ करणे आणि आपल्या कानाचा मागचा सगळा इतिहास डॉक्टरांना सांगणे, एवढ्या गोष्टी तीत येतात. मळ काढण्याचे काम पाच-दहा मिनिटांचे असते. ते सुखाने होणार की रुग्ण खुर्चीत कळवळणार, हे मात्र बहुतेक वेळा आधीच्या चार-पाच दिवसांत ठरलेले असते.

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित नागमोडी असते. तिच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागात कूर्चा म्हणजे लवचिक मऊ हाड, केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतल्या दोन-तृतीयांश भागात हाडावर चिकटलेली पातळ त्वचा असते आणि तिथे ग्रंथी नसतात. म्हणजे मळ दाराशीच तयार होतो. कानाची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, जबड्याच्या हालचालीने तिला मदत होते आणि तिच्याबरोबर मळही आपोआप बाहेर पडतो. मळ किंचित आम्लधर्मी असतो, पाणी, धूळ आणि जंतू यांना तो अडवतो. तेव्हा मळ असणे हा अस्वच्छपणा नाही, आणि कान नीट ऐकत असेल, दुखत नसेल, तर त्याला हात लावायचे कारण नाही.

अडचण येते ती हा सरकता रस्ता बंद पडला की. अरुंद किंवा केसाळ नळी, वाढते वय, श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा ही त्याची कारणे. पण सगळ्यांत नेहमीचे कारण कानात घातलेली काडी. कापसाचे बड १९२३ मध्ये अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग याने बाजारात आणले. बडाच्या टोकाला लागलेला तांबूस डाग पाहून कान स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात थोडा मळ कापसाला लागतो आणि बाकीचा पडद्याकडे ठोसला जातो. किल्ली, हेअरपिन, काडेपेटीतली काडी यांनीही हेच होते, शिवाय त्वचा सोलवटते. मळ ओला की कोरडा हेही जन्मजात असते. एबीसीसी ११ या जनुकातील एका बदलावर ते ठरते, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. पूर्व आशियात कोरडा, कोंड्यासारखा मळ जास्त आढळतो, तर युरोप-आफ्रिकेत ओला, मधासारखा. भारतात दोन्ही भेटतात.

भारतात २००७ पासून राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्याच्या कागदपत्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीचा आधार घेऊन कानातला मळ हे बऱ्या होणाऱ्या बहिरेपणाचे सर्वांत मोठे कारण म्हटले आहे. घरातल्या आजोबांना 'आता ऐकू येत नाही' म्हणून सोडून देण्याआधी एकदा त्यांच्या कानात दुर्बिणीतून पाहून घ्यावे, ते यासाठीच. दोन्ही कान भरलेला माणूस वर्षानुवर्षे टीव्हीचा आवाज वाढवत बसतो आणि घरच्यांना ते वयाचे लक्षण वाटते.

जुनी परंपरा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाच्या अठ्ठावीस रोगांत कर्णगूथ, म्हणजे कानात साचून सुकलेला मळ, मोजला आहे. उपचाराचा क्रम असा : तेलाने भिजवावा, शेकाने विरघळवावा आणि मग वैद्याने शलाकेने म्हणजे बारीक सळईने नीट काढावा. आधी मऊ करणे, नंतर काढणे आणि तेही जाणत्याच्या हातून, हा क्रम आजही बदललेला नाही. घराघरांत चांदीचे किंवा पितळेचे कानकोरणे दातकोरण्यासोबत एका कडीत अडकवलेले असे. मुंबईत रस्त्यावर कान साफ करून देणारे कानमैलियेही लोकांच्या चांगल्या ओळखीचे. त्यांच्या बोटांत कसब असते, हे नाकारता येत नाही. पण उघड्या उजेडात, सगळ्यांसाठी त्याच सळईने, पडदा दिसत नसताना केलेले हे काम आहे. मळामागे पडद्याला भोक आहे की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नाही, म्हणून तिकडे जाऊ नये.

मळ मऊ करणे. कोरडा, दगडासारखा मळ नळीच्या त्वचेला चिकटलेला असतो. तो तसाच ओढला तर त्वचाही ओढली जाते, रक्त येते, ठणका लागतो. म्हणून तपासणीत मळ कडक दिसला की डॉक्टर तीन ते पाच दिवस थेंब घालायला सांगतात आणि मग पुन्हा बोलावतात. ही दुसरी खेप अनेकांना फुकटची वाटते. खरे तर अर्धे काम तीच करते. भारतात सोडा-ग्लिसरीनचे थेंब, म्हणजे ग्लिसरीन-पाण्यात खायच्या सोड्याचे द्रावण, फार पूर्वीपासून वापरात आहेत. पॅराडायक्लोरोबेंझिन, बेंझोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल यांचे मिश्रणही औषधाच्या दुकानात सर्रास मिळते. त्याने काहींची त्वचा चुरचुरते, तसे झाल्यास ते थांबवून डॉक्टरांना कळवावे. कोणते थेंब श्रेष्ठ, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते; या विषयावरच्या चाचण्यांचा तिचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक औषध दुसऱ्याहून, किंवा साध्या पाण्याहून आणि मिठाच्या पाण्याहून, निश्चित सरस असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. थेंब कोणते यापेक्षा ते नीट घातले का, हे महत्त्वाचे.

घालण्याची रीत साधी आहे, पण बहुतेक जण घाईत चुकतात. बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट करावी. गॅसवर किंवा गरम पाण्यात ठेवू नये. कुशीवर आडवे व्हावे, भरलेला कान वर. मोठ्या माणसाचा बाहेरचा कान वर आणि मागे ओढावा, म्हणजे नळीची वळणे सरळ होतात. तान्ह्या मुलाचा खाली आणि मागे. थेंब नळीच्या कडेवरून ओघळू द्यावेत, म्हणजे आतली हवा बाहेर यायला वाट राहते. चार-पाच थेंब पुरतात. मग कानापुढचा छोटा उंचवटा बोटाने हलकेच चार-सहा वेळा दाबावा आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. लगेच उठले की औषध कानात न राहता मानेवर येते. आत कापूस कोंबू नये, तो औषध पिऊन टाकतो.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी कान आणखी गच्च होतो, ऐकू येणे कमी होते. भिजलेला मळ फुगून उरलीसुरली फटही बंद करतो, म्हणून असे होते. घाबरून थेंब बंद करू नयेत. पण कान दुखू लागला, पाणी-पू येऊ लागला किंवा गरगरले, तर थांबावे आणि दिवस न मोजता दवाखाना गाठावा.

खोबरेल तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ते प्रत्येक घरात आहे आणि बाळाच्या मालिशीबरोबर ते कानात सोडण्याची पद्धतही आहे. पडदा शाबूत असेल तर साधे, कोमट, स्वच्छ तेल मळ मऊ करते, हे खरे. पण लसूण टाकून कडवलेले तेल कानात ओतल्याने नळी भाजते. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरते. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट भागात, ओलसर तेलकट कानात बुरशी माजते. भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी ती दिसते आणि कान असह्य खाजतो. खाजतो म्हणून काडी, काडीने जखम, जखमेवर पुन्हा तेल, असे चक्र सुरू होते.

थेंब कधी घालू नयेत. पूर्वी कान वाहिला असेल, पडद्याला भोक असल्याचे कोणी सांगितले असेल, कानात ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी, बसवले असेल किंवा कानाचे ऑपरेशन झाले असेल, तर डॉक्टरांनी कान पाहिल्याशिवाय एकही थेंब नको. मुलाने कानात हरभरा किंवा वाटाणा घातला असेल तर पाण्याचे थेंब घातल्यावर तो फुगून अडकतो. घड्याळाचा बटनसेल गेला असेल तर थेंब न घालता त्याच क्षणी रुग्णालयात जावे, काही तासांत तो त्वचा जाळतो. आणखी एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांगावी अशी. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर 'मळ असेल' म्हणून पाच दिवस थेंब घालत बसू नये. आतल्या कानाच्या नसेचा तो बहिरेपणा असू शकतो. त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते.

डॉक्टरांना काय सांगायचे. मळ तीन रीतींनी काढतात : कोमट पाण्याची धार सोडून, बारीक नळीने ओढून म्हणजे सक्शनने, किंवा डोक्याला लावलेल्या दिव्याच्या अथवा सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात छोट्या हत्यारांनी. यांतली कोणती वापरायची, हे रुग्ण काय सांगतो त्यावर ठरते. पडदा फाटलेला असेल, ऑपरेशन झालेले असेल किंवा नुकताच संसर्ग होऊन गेला असेल, तर पाणी वर्ज्य. मधुमेह असेल तर तो न विचारताही सांगावा. अशा रुग्णाच्या कानात पाणी राहिले आणि त्वचेला ओरखडा गेला, तर सुडोमोनास जातीच्या जंतूंचा हाडापर्यंत जाणारा संसर्ग होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गोळीचे नाव लिहून न्यावे. आपल्या मनाने ती बंद करू नये, फक्त हत्यार वापरणाऱ्याला ती माहीत असली पाहिजे. एकाच कानाने ऐकू येत असेल आणि मळ नेमका त्याच कानात असेल, तर हे सर्वांत आधी सांगावे, कारण तिथे धोका पत्करायला जागा नसते.

पूर्वी मोठ्या धातूच्या पिचकारीने कान धूत. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाईस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शनात हाताची पिचकारी वापरू नये असे म्हटले आहे. दाब आटोक्यात ठेवणारे विजेचे यंत्र किंवा सक्शन वापरावे आणि मळ लगेच आधी किंवा जास्तीत जास्त पाच दिवस आधीपासून मऊ करावा, अशी तिची शिफारस आहे. पाणी ३७ अंशांचे, अंगाइतके कोमट लागते. गार किंवा गरम पाण्याने आतल्या कानातला द्रव हलतो आणि खोली गरगरू लागते. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी यांनी कान धुताना रुग्णांना येणाऱ्या याच चकरेचा माग काढला. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरील कामासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या दिवशी. उपाशी राहायचे कारण नाही. हलके खाऊन जावे, म्हणजे चक्कर आली तरी मळमळत नाही. श्रवणयंत्र आणि कानातले जड दागिने काढून डबीत ठेवावेत. सक्शनची नळी आत गेली की जवळच पाण्याची मोटर चालू व्हावी तसा घरघराट होतो. तो आवाज कानाच्या आतच असतो, म्हणून फार मोठा वाटतो. हे आधी माहीत असलेला माणूस दचकून डोके हलवत नाही, आणि डोके न हलणे हीच या वेळी रुग्णाची मोठी मदत. काहींना नळीला स्पर्श होताच खोकल्याची उबळ येते. घशाकडे जाणाऱ्या व्हेगस या नसेची एक फांदी कानात असते, म्हणून. उबळ येईलसे वाटले, दुखले किंवा गरगरले, की हात वर करून थांबवायचे, हे आधीच ठरवून घ्यावे. शेवटी ट्रेमध्ये चिंचोक्याच्या रंगाची गोळी पडते. त्याबरोबर पंख्याचा, कागदाचा, आपल्याच बोलण्याचा आवाज एकदम मोठा येतो.

लहान मुलाला आईने किंवा बाबाने मांडीवर आडवे बसवावे; एक हात मुलाच्या दोन्ही हातांवरून, दुसरा कपाळावर, डोके आपल्या छातीशी. 'काहीच होणार नाही' असे खोटे सांगू नये; मोठा आवाज होईल, गुदगुल्या होतील, असे खरे सांगितलेले मूल जास्त स्थिर बसते. त्याने ऐकलेच नाही, तर दुसऱ्या दिवशी यावे. मळासाठी मुलाला दाबून धरण्याइतकी घाई नसते.

श्रवणचाचणी करायची असेल किंवा श्रवणयंत्राचे माप द्यायचे असेल, तर मळ आधी काढून घ्यावा, नाहीतर चाचणीचा आलेख मळामुळे बिघडतो. परतताना दहा-पंधरा मिनिटे बसून मगच दुचाकीला किल्ली लावावी. मळ निघाल्यावर नळी काही दिवस उघडी पडलेली असते, म्हणून तेवढे दिवस अंघोळीच्या वेळी कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवावा आणि विहिरीत किंवा तलावात पोहायला जाऊ नये.