बंदीत उभ्या होडीच्या डिझेल टाकीत ‘शेवाळ’ का धरतं?

बंदर मिरकरवाडा असो की हर्णै, पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर एक तक्रार ठरलेली. पहिल्याच फेरीला होडी बंदराबाहेर पडते आणि इंजिन धापा टाकायला लागतं. फिल्टर बदलला की तासभर बरं, पुन्हा तेच. नाखवा (होडीचे मालक-तांडेल) म्हणतात, पंपावर भेसळ झाली. पण फिल्टरची वाटी उघडून आत हात घातला, की काळपट, शेंबडासारखा चिकट थर लागतो. तो भेसळीचा नव्हे.

सगळे त्याला शेवाळ म्हणतात. शेवाळाला ऊन लागतं, टाकीत तर अंधार. ही असते बुरशी आणि जिवाणू. राहतात पाण्यात, खातात डिझेल. पाणी जड म्हणून तळाला बसतं, आणि जिथे ते डिझेलला टेकतं तिथे यांची वस्ती. २५ ते ३० अंशांची ऊब त्यांना मानवते, म्हणजे आपला पावसाळाच. त्यांच्या आम्लाने टाकीचा पत्राही तळातून खड्डे पडून कुजतो.

पाणी येतं कुठून? जून-जुलैत होडी शाकारलेली, म्हणजे वर झाकण घालून उभी, टाकी अर्धी. रिकाम्या भागात दमट हवा; रात्री पत्रा गार झाला की आतून घाम सुटतो. झाकणाचं रबर फाटलेलं असेल किंवा हवेच्या नळीचं तोंड वर असेल, तर थेट पाऊसच आत.

म्हणून बंदीआधी टाकी भरा, फुगायला थोडी जागा सोडून. एवढे पैसे डिझेलात अडकवणं जमत नसेल (आम्हालाही कळतं), तर पूर्ण रिकामी करून, पुसून, कोरडी ठेवा. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. हंगामात सकाळी इंजिन चालू करण्याआधी तळाचा कॉक उघडून पाणी काढा.

बाजारात बुरशीनाशक औषध मिळतं. पाणी काढल्यावरच घाला, डब्यावर लिहिलेल्या मापानेच. मात्र थर जाड झाला असेल तर नुसतं औषध ओतू नका. बुरशी मरते, पण मेलेला गाळ सुटून फिल्टरमध्येच येतो. आधी टाकी साफ, मग औषध. ब्लीचिंग पावडर टाकीत कधीच नको.

शंका असेल तर पारदर्शक बाटलीत नमुना आणा. कॉक उघडल्यावर जे पहिलं येईल तेच भरा, वरचं नको. पाणी आणि डिझेलच्या मधोमध जाळं तरंगत असेल किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर टाकी धुवावीच लागेल. आणि बाटलीवर होडीचं नाव लिहा. ऑगस्टात आमच्या टेबलावर सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात.