निद्राश्वसनरोधावरील उपचार व मूत्रपिंडविकार

झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग वारंवार मिटतो आणि श्वास किमान १० सेकंद थांबतो किंवा मंदावतो, या विकारास निद्राश्वसनरोध म्हणतात. दवाखान्यांत स्लीप ॲप्निया हेच नाव रूढ आहे. तासाला असे ५ ते १५ प्रसंग घडल्यास विकार सौम्य, १५ ते ३० घडल्यास मध्यम व त्याहून अधिक घडल्यास तीव्र समजतात. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत तो इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो.

यांतील कारण कोणते व परिणाम कोणता, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार सुरुवात श्वसनरोधापासून होते. मूत्रपिंडाच्या अंतर्भागाला मुळातच प्राणवायू बेताचा मिळतो. रात्रभर तो पुनःपुन्हा घटला की अनुकंपी चेतासंस्था (शरीराला ताणाच्या प्रसंगी सज्ज करणारी) व रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणा (रक्तदाब वाढवणारी संप्रेरकांची साखळी) चेतवली जाते, झोपेत एरवी उतरणारा रक्तदाब उतरत नाही आणि गाळणपुंजांवर, म्हणजे मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छांवर, ताण पडतो. दुसऱ्या मतानुसार निकामी होत चाललेले मूत्रपिंडच श्वसनरोध वाढवते. संध्याकाळी रुग्णाच्या घोट्यावर बोट दाबले तर खळगा उमटतो आणि सकाळी तीच सूज पापण्यांवर दिसते. मधल्या काळात, आडवे झाल्यावर, पायांतील पाणी वर सरकून मानेतील ऊतींत साचते व घसा अरुंद होतो. या मताला बळकटी देणारा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या, आठवड्यातून ३ वेळा होणाऱ्या डायलिसिसऐवजी रोज रात्री सुमारे ८ तासांचे डायलिसिस सुरू केल्यावर १४ रुग्णांतील श्वसनरोधाचे प्रसंग तासाला सरासरी २५ वरून ८ वर आले. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. तथापि विकाराच्या अखेरच्या टप्प्यात दुसऱ्याला अधिक वजन द्यावे लागते.

मुख्य उपचार सीपॅप यंत्राचा आहे. कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सिडनीत त्याचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. नाकावरील मुखवट्यातून सतत दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवणे हे त्याचे तत्त्व होय. काही अभ्यासांत सीपॅपमुळे मूत्रपिंडातील रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणेची चेतना कमी झालेली दिसली असून गाळणाचा अतिरिक्त ताणही उतरलेला आढळला. त्यामुळे उपचाराच्या आरंभी गाळणवेगात, म्हणजे मूत्रपिंडे रक्त गाळतात त्या गतीत, दिसणारी अल्प घट ही दर वेळी हानीच असते, असे म्हणता येत नाही. मात्र गाळणक्षमतेचा ऱ्हास थांबतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या २,७०० च्या आसपास रुग्णांवरील चाचणीत यंत्राचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच झाला. तिच्यातील सुमारे २०० जणांच्या मूत्रपिंडांचा चार वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला असता सीपॅप दिलेल्या व न दिलेल्या गटांच्या ऱ्हासात लक्षणीय फरक आढळला नाही. अर्ध्या रात्रीच्या वापरावरून उपचारच निष्फळ ठरवणे योग्य होणार नाही. रक्तदाबात होणारी माफक घट व दिवसाची झोपाळू अवस्था कमी होणे हे लाभ मात्र सर्वमान्य आहेत.

सोलापुरात निदानाची पहिली अडचण भाषेची असते. आपण घोरतो हे रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते. ते शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असते, आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या पद्मशाली घरांत ती माहिती तेलुगूत, तर अनेक घरांत कन्नडमध्ये मिळते. प्रश्नावली केवळ रुग्णाला मराठीत विचारून भागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो व हवा कोरडी होते, तेव्हा मुखवट्याने नाक-घसा सुकतो. म्हणून यंत्राची आर्द्रतापेटी, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची पेटी, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने भरावी लागते, कारण साध्या पाण्यातील क्षार तिच्यात साचतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. डायलिसिसच्या रुग्णाचे कोरडे वजन, म्हणजे साचलेले पाणी वगळून राहणारे वजन, नीट ठरवले तर घशातील सूजही आटोक्यात राहण्यास मदत होते.