लिंबाचा रस आणि वाहता नळ

कंडेन्सरमधून (वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळीतून) मिनिटाला एक लिटर पाणी सोडलं आणि अभिक्रिया सहा तास चालली, तर ३६० लिटर पाणी मोरीत जातं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापुरात हरित, म्हणजे कमी कचऱ्याच्या रसायनशास्त्राचा हिशोब इथूनच मांडायला हवा.

बिगिनेली अभिक्रियाच घ्या. इटलीच्या पिएत्रो बिगिनेली यांनी १८९१ मध्ये ती मांडली. अल्डिहाइड, युरिया आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट एकाच भांड्यात, अल्कोहोलमध्ये, आम्लासोबत उकळायचं. तयार होतं डायहायड्रोपिरिमिडिनोन, म्हणजे चार कार्बन आणि दोन नायट्रोजनचं वलय. कार्बनखेरीज दुसरा अणू वलयात बसला की ते विषमवलयी संयुग. डीएनएमधल्या सायटोसिन आणि थायमिनचा सांगाडा याच घाटाचा आहे. यातले दोन्ही नायट्रोजन येतात युरियातून. युरिया शेतातला तोच, पण कडुनिंबाचा लेप नसलेला, शुद्ध घ्यायचा. बेन्झाल्डिहाइड हे अल्डिहाइड घेऊन तिन्ही पदार्थांचे २९६ ग्रॅम पूर्ण जुळले तर २६० ग्रॅम पदार्थ मिळतो आणि उरतं फक्त ३६ ग्रॅम पाणी. मुळातच इतकी काटकसरी अभिक्रिया आहे ही!

द्रावक वगळूनही ती होते. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये बेन्झाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट १.३० ग्रॅम, युरिया ०.९० ग्रॅम आणि आम्ल म्हणून गाळलेला लिंबाचा रस साधारण २ मिली घ्या. फ्यूमहूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), तेलाच्या बाथवर ८० ते ९० अंश सेल्सिअसला ढवळत ठेवा. दोन्ही द्रव १७५ अंशांच्या वर उकळतात, त्यामुळे साधा हवेचा कंडेन्सर पुरतो, नळ लागत नाही. प्रगती टीएलसीवर, म्हणजे पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर पाहायची. मिश्रण हळूहळू घट्ट होतं, पांढरा गोळा धरतो आणि चुंबकी कांडी अडकते. मग २० मिली बर्फाचं पाणी घालून गोळा फोडा, गाळा, धुवा. जादाचा युरिया पाण्यात निघून जातो. उरलेला घन गरम इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करून घ्या. वितळणबिंदू २०२ ते २०४ अंशांच्या आसपास यायला हवा.

बिघडतं कुठे? बहुतेकदा बाटलीतच. बुचाभोवती पांढरे स्फटिक दिसले, तर बेन्झाल्डिहाइडचं हवेनं बेन्झोइक आम्ल झालेलं असतं. ते खाण्याच्या सोड्याच्या द्रावणानं धुऊन, वाळवून, ऊर्ध्वपातन करून घ्यावं. दुसरी चूक तापमानाची. घाईनं आच वाढवली की युरियातून अमोनिया सुटतो आणि हान्झ या दुसऱ्या अभिक्रियेचा पिवळसर डायहायड्रोपिरिडिन सोबत येतो. रस जास्त ओतला तर पाणी वाढतं. पाणी बाहेर टाकतच ही अभिक्रिया पुढे जाते, त्यामुळे ती रेंगाळते.

रसाचं श्रेयही तपासून द्यावं. प्रत्येक लिंबात आम्ल सारखं नसतं. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडनं रसाची आम्लता मोजावी, तितक्याच ताकदीच्या सायट्रिक आम्लानं एक प्रयोग करावा आणि एक आम्लाविना. उतारा, म्हणजे मिळालेल्या पदार्थाचं प्रमाण, तिन्हींत सारखाच आला, तर काम उष्णतेचं, लिंबाचं नव्हे.

आणि शुद्धीकरण? ८५ टक्के उताऱ्याला २.२१ ग्रॅम पदार्थ मिळतो. तो कॉलममधून (पदार्थ वेगळे करणाऱ्या उभ्या नळीतून) काढायला ५०० मिली हेक्झेन वापरलं, तर सुमारे ३३० ग्रॅम द्रावक खर्ची पडतं, म्हणजे पदार्थाच्या दीडशे पट. मग लिंबानं वाचवलेलं सगळं तिथंच वाया गेलं. म्हणून इथेनॉलच बरं, तेही ऊर्ध्वपातनानं परत मिळवून. गाळताना नळाच्या पाण्यावर चालणारा, हवा ओढणारा अ‍ॅस्पिरेटर टाळून डायफ्रॅम पंप लावावा. जिथं कंडेन्सर टळतच नाही, तिथं कूलरचा छोटा पंप बर्फाच्या टबात सोडून तेच पाणी फिरवत ठेवावं. टबभर पाण्यात दिवस निघतो.