परदेशी पार्टीची वेळ: तास लिहू नका, गाव निवडा

रावेर-सावद्याची केळी दुबईला पाठवणारे आमचे बरेच ग्राहक विचारतात, "दीड तासाचा तर फरक, तो तुमच्या बिलांच्या प्रोग्राममध्ये एकदाच भरून का ठेवत नाही?" दुबईपुरतं ते चालेल. तिथलं घड्याळ वर्षभर एकच, आपल्यापेक्षा दीड तास मागे.

लंडनला मात्र हा हिशोब फसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. लंडनच्या पार्टीने सकाळी दहाचा फोन ठरवला असेल, तर उन्हाळ्यात तो आपल्याकडे दुपारी अडीचला येतो; 25 ऑक्टोबर 2026 पासून साडेतीनला. न्यूयॉर्कच्या तारखा आणखी वेगळ्या.

म्हणून आमच्या प्रोग्राममध्ये तासांचा रकानाच ठेवलेला नाही. पार्टीच्या खात्यात गाव निवडा, त्या तारखेचा फरक प्रोग्राम काढेल. (आपल्यासाठी 'एशिया/कोलकाता' निवडा, यादीत जळगाव शोधत बसू नका, सगळ्या भारताला तेच एक नाव आहे.) ही यादी सरकारं बदलतील तशी बदलते. इराणने 2022 नंतर घड्याळं हलवणं बंद केलं, इजिप्तने 2023 मध्ये पुन्हा सुरू केलं. तेव्हा अपडेट आलं की 'सीझन संपल्यावर बघू' म्हणू नका.

खरी गोची तारखेची. 31 मार्चला दुबईत रात्रीचे अकरा वाजले, की आपल्याकडे 1 एप्रिलचे साडेबारा झालेले असतात, म्हणजे नवं आर्थिक वर्ष! त्या वेळी आलेली ऑर्डर प्रोग्राम आपल्या तारखेनेच, 1 एप्रिललाच धरतो. पार्टीच्या मेसेजवर 31 दिसली म्हणून बिलाची तारीख मागे ओढू नका.

आतली प्रत्येक नोंद यूटीसी या जागतिक वेळेत साठते. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे कच्चा डेटा एक्सेलमध्ये काढल्यावर रात्री दोनची एन्ट्री आदल्या दिवशीची 20:30 दिसेल. ती बरोबर आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.

संगणकाचं घड्याळही हाताने पुढे-मागे करू नका. वेळ चुकीची दिसली तर आधी टाइम झोन +5:30 आहे का ते पाहा. लाइट जाऊन आल्यावर दरवेळी जुनीच तारीख येत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. तो बदलून घ्या.