संचयन घनता (मत्स्यसंवर्धन)

तळे, पिंजरा किंवा टाकी यांतील ठरावीक क्षेत्रफळात अथवा ठरावीक घनफळाच्या पाण्यात असलेल्या माशांचे प्रमाण म्हणजे संचयन घनता. ती दर हेक्टरी नग, दर घनमीटर नग किंवा दर घनमीटर किलोग्रॅम अशी मोजतात. पहिले एकक व्यवहारात सर्वाधिक रूढ आहे. पण ते फक्त बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडण्याच्या दिवसाची स्थिती सांगते. वाढीवर परिणाम करणारी घनता पाण्याची पातळी आणि माशांचे वजन यांनुसार सतत बदलत असते, आणि नाशिक जिल्ह्यातील शेततळ्यांत हा फरक विशेष मोठा असतो.

घनता वाढली की एका माशाची सरासरी वाढ मंदावते, पण तळ्याचे एकूण उत्पादन काही मर्यादेपर्यंत वाढतच जाते. इझ्राएलमधील बाल्फूर हेफर यांनी या संदर्भात दोन पातळ्या वेगळ्या केल्या : ज्या मत्स्यभारानंतर (पाण्यातील माशांच्या एकूण वजनानंतर) वाढीचा वेग कमाल पातळीवरून उतरू लागतो ती क्रांतिक पातळी, आणि ज्या भारास वाढ पूर्णपणे थांबते ती धारणक्षमता. खत, पूरक खाद्य व वायुवीजन (पाण्यात हवा मिसळणे) यांनी दोन्ही पातळ्या वर सरकतात. कटला व रोहू यांच्या मोठ्या माशाला दर अधिक मिळत असल्याने सर्वाधिक उत्पादन देणारी घनता आणि सर्वाधिक नफा देणारी घनता एक नसते. दुसरी बहुधा कमी असते.

वाढ नेमकी कशामुळे खुंटते, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार दाटी स्वतःच कारणीभूत असते : अन्नासाठी चढाओढ होते, दांडगे मासे खाद्य बळकावतात, दुबळ्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि एकाच दिवशी सोडलेल्या माशांच्या आकारांत मोठी तफावत पडते. मासेच वाढरोधक द्रव्य पाण्यात सोडतात, असेही विसाव्या शतकात काही प्रयोगांवरून सुचवले गेले. मात्र अशा द्रव्याची रासायनिक ओळख समाधानकारकपणे पटलेली नाही. दुसऱ्या मतानुसार घनतेचा परिणाम मुख्यतः पाण्याच्या गुणवत्तेतून होतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते, आणि पहाटे विरघळलेला प्राणवायू नीचांकावर येतो. तो दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असणे इष्ट मानतात. ३ च्या खाली गेल्यास कार्प मासे (कटला, रोहू, मृगळ इत्यादी) खाणे कमी करतात, आणखी उतरल्यास पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. उत्सर्जित अमोनियाचा विषारी, अनायनीभूत (विद्युतभार नसलेला) अंश सामू (पीएच) व तापमानाबरोबर वाढत असल्याने शेवाळाने हिरव्या झालेल्या, दिवसा सामू चढणाऱ्या तळ्यात तो दुपारनंतर अधिक असतो. भारतीय कार्प माशांच्या तळ्यांपुरते पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तेथील घनता शारीरिक दाटीच्या मानाने फारच कमी असते. याउलट आर्क्टिक चार हा थंड पाण्यातील मासा फार विरळ सोडल्यास आक्रमक होतो व कमी वाढतो. आफ्रिकी मांगूर माशातही विरळ संचयनात मारामाऱ्या वाढतात (भारतात त्याच्या संवर्धनास बंदी आहे). त्यामुळे घनता आणि वाढ यांचे व्यस्त प्रमाण हा सर्व जातींना लागू होणारा नियम मानता येत नाही.

भारतात १९५७ मध्ये ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन (संप्रेरक टोचून अंडी घालायला लावणे) साधल्यानंतर खात्रीचे बीज मिळू लागले आणि घनता ठरवून संचयन करणे शक्य झाले. मातीच्या संगोपन तळ्यात हेक्टरी सु. ३० ते ५० लाख मत्स्यजिरे (नुकतीच उबलेली पिल्ले), पुढील टप्प्यात २ ते ३ लाख मत्स्यबीज (त्याहून थोडी मोठी पिल्ले) आणि विक्रीयोग्य माशांच्या तळ्यात ५ ते १० हजार बोटुकली अशी प्रमाणे सामान्यतः शिफारशीत आढळतात. कटला वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळाच्या थरात चरत असल्याने मिश्र संचयनात तीच संख्या एकजातीय संचयनापेक्षा कमी ताणाची ठरते.

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील शेततळी मुळात द्राक्षबागांसाठी खोदलेली व प्लास्टिक अस्तराची असतात. अस्तरामुळे पाण्याचा मातीशी संबंध तुटतो, नैसर्गिक प्लवक (माशांचे अन्न असलेले तरंगते सूक्ष्मजीव) कमी तयार होते आणि मातीच्या तळ्यासाठीची शिफारस येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. शिवाय पाणी बागेला जाते. उदाहरणार्थ, वर ३० × ३० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या शेततळ्यात पूर्ण भरल्यावर सु. २,२०० घनमीटर पाणी मावते. पातळी १ मीटरवर आली की ते सु. ६२५ घनमीटर उरते. हेक्टरी १० हजार या दराने सोडलेल्या ९०० बोटुकलींचे वजन दरम्यान प्रत्येकी १०० ग्रॅमवरून ५०० ग्रॅम झाले, तर मरतूक न धरता दर घनमीटर मत्स्यभार सु. ०.०४ वरून ०.७२ किलोग्रॅमवर, म्हणजे साडेसतरा पटींच्या आसपास जातो. हे नेमके एप्रिलमधील द्राक्षवेलींच्या खरड छाटणीच्या सुमारास, पाणी तापलेले असताना घडते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे पावसाळ्यातील भरल्या तळ्यावरून बोटुकलींची संख्या ठरवण्यापेक्षा उन्हाळ्यात राहणाऱ्या किमान पाण्यावरून ती ठरवणे, किंवा पातळी उतरण्यापूर्वी टप्प्याटप्प्याने मासे काढणे, अधिक सयुक्तिक आहे. निफाड परिसरातील कडक थंडीत कार्प माशांचे खाणे मंदावते व पंगस मासा विशेष त्रस्त होतो. या काळातील कमी वाढीचे खापर केवळ घनतेवर फोडता येत नाही.

दाट संचयन हेतुपुरस्सरही केले जाते. आंध्र प्रदेशात बोटुकली सुमारे वर्षभर दाटीत व मर्यादित खाद्यावर ठेवून खुरटवतात आणि नंतर विरळ सोडतात. मोकळीक मिळताच त्या भरपाईची जलद वाढ दाखवतात व मोठ्या आकारामुळे त्यांची मरतूकही कमी होते. हंगामी पाण्याच्या शेततळ्यांना ही पद्धत सोयीची आहे, कारण वाढीसाठी मिळणारे महिने तेथे थोडे असतात.

बायोफ्लॉक टाक्यांत (ज्यांत सूक्ष्मजीवांचे पुंजके पाण्यातील टाकाऊ द्रव्ये वापरतात) व पिंजऱ्यांत घनता दर घनमीटर मोजतात आणि ती तळ्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. बायोफ्लॉकमध्ये ती अखंड वायुवीजनावर अवलंबून असल्याने वीज खंडित झाल्यास अल्पावधीत सामूहिक मरतूक होऊ शकते.